दाराला लावायचं अक्षर

वाघाचं वर्ष, सहावा महिना, तिथी ३

घाटावरचा एक नावाडी काल दुपारी वांत्या करायला लागला आणि आज सकाळी गेला. मला क्रियाकर्माला बोलावलं. चेहरा इतका आत ओढला गेला होता की सख्ख्या भावाने ओळखायला वेळ लावला. बोटांची कातडी धोब्याच्या बोटांसारखी सुरकुतलेली. पायांत गोळे येऊन ओरडत होता म्हणे, शेवटी ओरडण्याइतकाही ओलावा घशात उरला नाही.

मी घंटा वाजवली, मंत्र म्हटले. बाबा मंत्र म्हणायचे तेव्हा खोलीतली माणसं श्वास धरून बसायची. मी म्हणतो तेव्हा कोणीतरी हमखास खोकतं. आज नावाड्याचा मेहुणा खोकला.

हे फक्त या वहीत लिहिता येतं. आठ वर्षं बाबांचा झगा माझ्या अंगावर आहे, शीखौ गावाचा मी गुरुजी आहे, आणि एकदाही हातात काही उतरल्यासारखं वाटलेलं नाही. अक्षर मात्र माझं बाबांपेक्षा सुंदर आहे.

तिथी ५

माझंच पोट बिघडलं. दोन दिवस नुसत्या पेजेवर आहे. श्येगू म्हणाली, "गुरुजीच असे पिवळे पडले तर गावाने बघायचं कोणाकडे?" बायको घरची, पण बोलते गावाच्या बाजूने. लेक आमान आता सात वर्षांची झाली. माझ्या पोटावर हात ठेवून तिने बाबांचा मंत्र म्हटला, अर्धा चुकीचा. बरं वाटलं.

घाटाच्या गल्लीत आणखी तिघं गेले.

तिथी ७

काल थान शेट स्वतः देवळात आले. धान्याचे व्यापारी, गावचे पुढारी. देवळाचं छप्पर त्यांच्याच आजोबांनी घातलेलं. म्हणाले, "थोरले गुरुजी असते तर एव्हाना काहीतरी केलं असतं."

ते गेल्यावर बाबांची पेटी उघडली. नेहमीचे ताईत मी तीन दिवस लिहितोच आहे, उपयोग शून्य. पेटीच्या तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद मिळाला. त्यावर एकच मोठं अक्षर, ज्येन.

माणूस मेला की भूत होतं, हे पोरंही जाणतात. पण भूतही मरतं, आणि मेलं की त्याचं ज्येन होतं. माणूस भुताला भितो तसंच भूत ज्येनला भितं. हे अक्षर दारावर दिसलं की भुतं शंभर कोस लांब पळतात, असं आमच्या विद्येत आहे. बाबांनी ते शिकवलं होतं, पण गावात कधी लावलेलं आठवत नाही. कागदामागे त्यांच्या हातचं लिहिलेलं होतं: "दाराला लावावं, बाहेरच्या बाजूने. घरातलं कोणी गेलं तर सातव्या दिवशी सकाळीच काढावं, नाहीतर त्या दिवशी परतणारं घरचं माणूस आत येणार नाही."

दिवसभर लिहीत बसलो. अक्षर अवघड आहे. डावीकडे पाण्याचे तीन ठिपके, मग गाडा, मग कुऱ्हाड, आणि या सगळ्यांच्या खाली एक कान. कुंचला हिंगुळाच्या लाल शाईत बुडवला की आधी पाण्याचे ठिपके काढायचे. साठ कागद झाले.

तिथी ८

दारोदार कागद लावले. घाटावर चौ काकूंच्या चहाच्या टपरीशी थांबलो. मी लहान असल्यापासून ही बाई तिथे किटली घेऊन बसलेली आहे आणि मला अजून एकेरीतच हाक मारते.

"हे काय रे तिंगशौ?"

"ज्येन. भुताचं भूत."

"म्हणजे चोरावर मोर."

"तसंच म्हण."

"लाव बाबा. दाराची फट तरी झाकेल." मग चहा ओतून म्हणाली, "तुझ्या बापाचं अक्षर असं कोरल्यासारखं नव्हतं. कोंबडीचे पाय. पण तो आला की बरं वाटायचं."

चहा पिऊन उठलो. म्हातारीच्या जिभेला हाड नाही.

तिथी १०

काल कोणी गेलं नाही. आजही नाही. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करतात. खोटं का लिहू, घरी येऊन आरशात पाहिलं.

तिथी ११

रंगाऱ्यांच्या गल्लीत बाप आणि मुलगा दोघंही गेले. दारावर माझा कागद होता, सरळ, बाहेरच्या बाजूने.

थान शेट म्हणाले, "दाराबाहेरची भुतं पळाली असतील, गुरुजी. पण जे आधीच आत शिरून बसलंय, त्याचं काय?"

घरी येताना उत्तर सुचलं, आणि रस्त्यातच पाय थांबले. साधे ताईत आपण जाळून त्यांची राख पाण्यातून देतोच. मग हे अक्षर का नाही? दाराला लावलं तर भूत घरात शिरत नाही. पोटात गेलं तर पोटातलं भूत राहील कुठे? बाबांना हे सुचलं नव्हतं.

पाणी नेहमीच्याच रीतीने. अर्धं खळखळ उकळलेलं, अर्धं विहिरीतून नुकतं ओढलेलं कच्चं. उष्ण आणि शीत, यांग आणि यिन. देवळामागच्या विहिरीचं पाणी गावात सगळ्यांत गोड.

आणखी एक व्यवस्था केली. मेलेल्यांची अंथरुणं लोक नदीवर धुतात, म्हणजे भूत प्रवाहाबरोबर साऱ्या गावात फिरतं. आजपासून ती देवळातच, विहिरीकाठच्या दगडावर धुवायची, देवाच्या नजरेखाली. त्या दगडाला मोठी भेग आहे. कितीही पाणी ओतलं तरी झटकन मुरतं, चिखल होत नाही. सोय झाली.

तिथी १२

दोनशे माणसं आली असतील. मी अक्षर जाळलं, राख पाण्यात ढवळली, मंत्र म्हटले. पायऱ्यांवर एवढी गर्दी, पण कोणीही खोकलं नाही. एक आंधळी आजी वाटी दोन्ही हातांत धरून रडली. मीही रडलो. बाबांच्या हाताला जे होतं ते माझ्या हाताला आलं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

तिथी १५

तीन दिवसांत चौदा. आंधळी आजीही गेली.

अंथरुणं धुणाऱ्यांची विहिरीपाशी रांग लागते.

तिथी १७

आज एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. ज्या घाटाच्या गल्लीत हे सगळं सुरू झालं, तिथे गेल्या आठ दिवसांत एकही गेलेला नाही. कागद त्यांच्याही दारांवर आहेत. पण देवळात पाणी प्यायला त्यांच्यातलं कोणी येत नाही. सकाळ-संध्याकाळ चौ काकूंकडे बसून चहा ढोसतात आणि माझी थट्टा करतात. आणि इकडे नेमाने दोन वेळा पिणारी घरंच्या घरं रिकामी होताहेत.

खूप विचार केला. उलगडा एकच होतो. पिणाऱ्यांच्या पोटातून हुसकलेलं भूत दूर जात नाही. जिथे अक्षर पोटात नाही तिथे जाऊन आरामात बसतं. ज्याच्यात बसलंय त्याला ते कशाला मारेल? तिथूनच बाकीच्यांवर हल्ले करतं. घाटावरची माणसं ठणठणीत आहेत ती याचसाठी.

थान शेटना सांगितलं. त्यांच्या पुतण्याला काल स्मशानात पोहोचवलंय. ते म्हणाले, "म्हणजे आमची माणसं मरायची, आणि त्या बाईने घाटावर भुतांची धर्मशाळा चालवायची."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण चूकही दुरुस्त केली नाही.

तिथी १८

काकूंकडे वाटी घेऊन गेलो.

"पी, काकू."

"उकळून आण, पिते."

"अर्धं उकळलेलंच आहे."

"मग उरलेलं अर्धंही उकळ की. देवाला कसली घाई आहे?"

"दोन्ही उकळलं तर नुसतं यांग उरेल. भूत यिनचं असतं, त्याला धरायला यिनच लागतं."

"मला बाई एवढं कळत नाही. चाळीस वर्षं चहा विकते. ज्यात बुडबुडे पाहिले नाहीत ते पाणी मी कधी कुत्र्यालाही दिलं नाही, आणि स्वतःही प्यायले नाही. आता या वयात देवासाठी सवय मोडू?"

"लोक चिडलेत, काकू. तुझ्यासाठी सांगतोय."

तिने वाटीत डोकावून पाहिलं. "तुझी पोर पिते का हे?"

"पिते. दोन वेळा. श्येगू नेते घरी."

"बरं," ती म्हणाली, आणि किटलीखाली फुंकर घालायला लागली.

परतताना मनात आलं, वाटीभर उकळून द्यावं, म्हातारीला काय कळणार. तिचं ऐकल्यासारखंही होईल आणि लोकही शांत होतील. देवळापर्यंत हाच विचार करत आलो. पण मग बाबांना काय तोंड दाखवू? खोटं पाणी पाजणारा गुरुजी मी होणार नाही.

तिथी २०

थान शेटच्या माणसांनी काकूंची टपरी मोडली आणि किटली उचलून नेली. मी तिथे नव्हतो. घाटावर आता आमच्या पाण्याचा मोठा रांजण ठेवला आहे, पहाऱ्यासकट. नाव सोडायची तर आधी वाटी प्यायची.

काकू दारात बसून होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

तिथी २२

घाटाच्या गल्लीत सहा. लोक म्हणाले, पाहा, भुतं तिथेच होती, आता उखडली गेली. मलाही तसंच वाटतं. वाटायला हवं.

तिथी २३

श्येगू आमानला घेऊन माहेरी जायचं म्हणते. तिची आई नदीच्या वरच्या अंगाला राहते, दीड दिवसाची वाट.

"आठ दिवस जाते. साथ सरली की येते."

"गुरुजींचीच बायकापोरं पळाली म्हटल्यावर उद्या पायरीवर कोण उभं राहील?"

"पायरीवर उभे राहणारे रोज कमी होताहेत, दिसत नाही का तुम्हाला?"

"म्हणूनच."

ती तांदूळ निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो. मला तुमची भीती वाटते ती त्याचीच."

होडी संध्याकाळची होती. श्येगू गेली नाही, मीच जाऊ दिलं नाही.

तिथी २६

परसातल्या केळीच्या बुंध्याशी काळी राख सापडली. आजची नाही, पंधरा दिवसांची, थरावर थर. कागदाचे न जळलेले तुकडे होते, एकावर माझ्याच हातचा कुऱ्हाडीचा फराटा.

श्येगूने लपवलं नाही. आमानसाठी दिलेलं पाणी ती रोज केळीला घालते, आणि पोरीला चहा देते. चौ काकूंनीच सांगितलं होतं. "तुमच्यावर माझा विश्वास नाही असं नाही," ती म्हणाली. "पाण्यावर नाही."

"दोन्ही एकच आहे."

"असेल. पण पोर माझी एकच आहे."

मी कधी हात उचलला नाही, आजही नाही उचलला. पण वाटी भिंतीवर फोडली. सबंध गावाची लेकरं मी त्या पायरीवर पाजली, त्यांतली कितीतरी मातीत गेली, आणि माझी तेवढी चहा पीत होती. त्या आयांना समजलं तर मी काय सांगू? आणि दुसरी भीती लिहूनच टाकतो. माझ्या तर्काप्रमाणे ज्याच्या पोटात अक्षर नाही त्याच्यात भूत सुखाने बसतं. आमान ठणठणीत आहे. या गावात तिच्याइतकं ठणठणीत मूल आता उरलेलं नाही.

तिथी २७

सकाळी आमानला देवळात घेऊन गेलो. नवा निळा झगा घातला होता तिने, आजीने दिलेला. श्येगू उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

सगळ्यांसमोर अक्षर लिहिलं, जाळलं, पाणी मिसळलं. माझ्या हाताने दिलं. आमानने विचारलं, "सगळं प्यायचं?" मी म्हटलं, "सगळं." प्यायली. म्हणाली, "बाबा, वरून गरम आहे आणि खाली गार." मग वाटी उलटी करून लोकांना दाखवली, थेंब उरला नाही म्हणून. लोक हसले. कितीतरी दिवसांनी त्या पायरीवर कोणी हसलं.

संध्याकाळीही दिलं.

तिथी २८

दुपारी खेळायला गेली नाही. दमले म्हणते. पाय दुखतात म्हणाली, श्येगू चोळते आहे.

तिथी २९

आमान गेली.

सातवा महिना, तिथी १

आज पाताळाची दारं उघडली. महिनाभर सगळी भुतं मोकळी. गावात एकाही दारावरचा कागद कोणी काढलेला नाही, उलट जुन्यावर नवे मागायला आले होते. मी हातात कुंचला धरला नाही.

पाणी मागायला कोणी आलं नाही. ज्याची स्वतःची पोर पाण्यानंतर दोन दिवसांत गेली, त्याच्याकडे कोण येणार? पायऱ्या रिकाम्या आहेत. घाटावरचा रांजण कोणीतरी फोडला.

श्येगू एकच वाक्य बोलली, परवा, आमानला शेवटची आंघोळ घालताना: "पंधरा दिवस मी तिला जपलं." मी म्हटलं, "कशापासून?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून बाहेर गेलो. दुःखात माणूस काहीही बोलतं.

आमानचं अंथरूण मी स्वतः धुतलं. विहिरीवरच, बाकीच्यांसारखं.

तिथी ४

तीन दिवसांत गावात कोणी गेलेलं नाही.

थान शेट दहा-बारा माणसं घेऊन आले आणि माझ्या पाया पडले. वयाने माझ्या दुप्पट माणूस. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही स्वतःचं मूल दिलंत तेव्हा भुतं शांत झाली. थोरल्या गुरुजींनाही हे जमलं नसतं." देवळात दगडावर माझं नाव कोरणार आहेत. पुढच्या वर्षापासून सहाव्या महिन्यात साऱ्या गावाने एकदा ते पाणी प्यायचं, असं ठरवलंय.

हे शब्द ऐकायला मी आठ वर्षं थांबलो होतो. परसात जाऊन ओकलो, नुसतं पित्त.

संध्याकाळी चौ काकू आल्या. किटली परत मिळाली होती, पोचे पडलेली. माझ्यासमोर चहा ठेवला, श्येगूपाशी बसल्या, तिचे केस विंचरले. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "पी तिंगशौ. गार होतोय." मी प्यायलो.

तिथी ५

आज सातवा दिवस. पोर घरी येणार.

बाबांनी लिहिलंय तसं दारावरचं अक्षर सकाळीच काढायला घेतलं. जगातली सगळी भुतं आली तरी चालतील, त्यांत ती असेल. कागद सहज निघाला, पण दमट हवेने हिंगूळ खाली झिरपलेलं, आणि लाकडावर ज्येन उमटलेलं. त्यानेही ती घाबरेल. सात वर्षांची आहे, अंधाराला भ्यायची.

रंधा घेतला. आधी कान गेला. मग कुऱ्हाड, मग गाडा. बराच वेळ घासल्यावर एवढं झालं.

श्येगूने उंबऱ्यापासून आतपर्यंत राख पसरली, पावलं उमटावीत म्हणून. आमानची वाटी मांडली. मी विहिरीचं ताजं पाणी आणायला घागर उचलली, तर म्हणाली, "ते नको."

"लांबून येईल ती. तहान लागली असेल."

"तहान लागली असेल म्हणूनच." तिने वाटीत चहा ओतला. वाफ येईपर्यंत तापवलेला होता.

मी घागर खाली ठेवली आणि परत दाराशी बसलो. दुपार टळून गेली. डावीकडचे पाण्याचे तीन ठिपके मात्र काही केल्या निघत नाहीत. एक पेर लाकूड तासलं, तरी आत लालच. भरलेला कुंचला आधी तिथेच टेकतो, म्हणून तिथे शाई जास्त मुरते. दुसरं कारण नसावं. उजेड आहे तोवर घासत राहीन.